आमची वाटचाल : वाघीण ते ट्रक

सोलापुरात आजोबांनी फरशीची वखार टाकली ती शहाबादच्या खाणींकडे जाणाऱ्या सायडिंगच्या, म्हणजे मुख्य लोहमार्गातून फुटणाऱ्या मालाच्या रुळांच्या, भरवशावर. 1871 साली मुंबई-मद्रास लोहमार्ग रायचूरला जोडला गेला आणि निजामाच्या राज्यातला निळसर-करडा चुनखडक मुंबई-पुण्याच्या चाळींत, शाळांच्या व्हरांड्यांत जाऊन बसला. शहाबादी हे नाव घरोघरी झालं, त्यात रेल्वेचा वाटा मोठा.

खाणीत पहारीने थर सुटे करायचे, छिन्नीने कडा काढायच्या आणि बैलगाडीने रुळांपर्यंत आणायचं. खरं कसब वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, भरण्यात होतं. फरश्या उभ्या रचायच्या, फटींत कडबा कोंबायचा. आडवी ठेवलेली फरशी पहिल्याच शंटिंगच्या (डबे जोडण्या-सोडण्याच्या) धक्क्याला तडकते. चार चाकांच्या वाघिणीत वीस-बावीस टन माल बसे, म्हणजे इंची जाडीची साधारण साडेतीन हजार चौरस फूट. सोलापूरला पावती दाखवून माल सोडवायचा, आणि वाघीण वेळेत रिकामी झाली नाही की डॅमरेज, म्हणजे उशिराचा दंड, भरायचं. या डॅमरेजवर वडील आयुष्यभर चिडले!

पुढे रेल्वेने सुट्या वाघिणींचं बुकिंग कमी करत नेलं. ऐंशीच्या दशकापासून भर पूर्ण रेकवर, म्हणजे एकाच मालाच्या अख्ख्या गाडीवर, आला. रेल्वेच्या बाजूने ते बरोबरच होतं, कारण सुटी वाघीण यार्डायार्डांत दिवसेंदिवस पडून राही. पण चाळीसेक वाघिणींचा रेक म्हणजे लाख-सव्वा लाख चौरस फुटांच्या वर फरशी. आमच्यासारख्या वखारवाल्याने ती एकदम कुठे घालायची? सिमेंटवाल्यांना जमलं, आम्हाला नाही. सायडिंगवर गवत वाढलं.

माझ्या मते आमची रेल्वेची वाहतूक तशीही टिकली नसती. शहाबाद सोलापूरहून दीडशे किलोमीटरच्या आत. एवढ्या अंतराला रेल्वेचं भाडं स्वस्त पडूनही चढ-उतार दोनदा व्हायची, आणि प्रत्येक वेळी काही फरश्या फुटायच्या. ट्रक खाणीत भरला की थेट गिऱ्हाइकाच्या दारात. वडिलांनी म्हणूनच कर्ज काढून जुना ट्रक घेतला, आणि धंदा तगला.

नंतर राजस्थानचा कोटा दगड आला, मग व्हिट्रिफाइड टाइल्स. दिवाणखान्यातून शहाबादी गेलीच. आज आमचा माल जातो तो गच्ची, गोदाम, पार्किंग आणि बागेतल्या वाटांसाठी. पॉलिश आम्हीच करतो, हव्या त्या मापात कापूनही देतो. फुटका नग बदलून मिळेल, फक्त गाडी उतरतानाच दाखवा.