दादाच्या ब्लॉकमागची धावपळ

कॅन्सरमुळे दादाच्या मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढला. बायोप्सीत स्टेज २, लिम्फ नोड सगळे स्वच्छ. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. पण दादाचं वय ४३. ऑन्कॉलॉजिस्टनी विचारलं, "घरात आणखी कुणाला?" आईला गर्भाशयाचा, मामाला आतड्याचा, तोही पन्नाशीच्या आत. "केमोचं नंतर ठरवू. आधी गाठीची एमएमआर तपासणी करा, म्हणजे डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं तिच्यात आहेत का ते बघू."

ही तपासणी काढलेल्या गाठीवरच होते. तिचे तुकडे मेणात बसवून ठेवतात, तो ब्लॉक. आणि तो ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलात! रिसेप्शनवरून पॅथॉलॉजी, तिथून रेकॉर्ड रूम. पेशंटची सही हवी, पेशंट कऱ्हाडला झोपून. अर्ज, दोघांच्या आधारची झेरॉक्स, डिपॉझिट असं सगळं झाल्यावर खिडकीतून एक पाकीट सरकलं. आत काडेपेटीहून लहान पिवळट मेणाची वडी, कडेला बायोप्सी नंबर. एसटीत उन्हानं ती वितळेल या धास्तीनं पर्स पदराआड धरून बसले होते. लॅबमधला मुलगा हसला. म्हणाला, "ताई, याला साठेक डिग्री लागतात."

रिपोर्टात एमएलएच१, पीएमएस२ शाबूत. एमएसएच२, एमएसएच६ पुढे 'लॉस'. वाचून पोटात गोळा आला. डॉक्टरांचा चेहरा मात्र खुलला. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका ही प्रथिनं दुरुस्त करतात. ती यंत्रणाच बंद पडलेल्या गाठी स्टेज २ मध्ये उलटण्याची शक्यता कमी असते, आणि ५-एफयू या नुसत्या एका औषधाच्या केमोनं त्यात फायदा होत नाही. म्हणून केमो रद्द. ठरावीक काळानं सीईए ही रक्ततपासणी, स्कॅन आणि कोलोनोस्कोपी. पुढेमागे पसरलाच, तर अशा गाठींवर पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारं औषध आहे. पसरलेल्या आजारात पहिलाच उपचार म्हणून तिला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली.

ओपीडीत शेजारी बसणाऱ्या काकांचा आजारही आतड्याचाच, पण यकृतात गेलेला. त्यांच्या गाठीत केरास या जनुकात बदल (म्युटेशन) निघाला. अशा गाठीवर सेटुक्सिमॅब हे औषध चालत नाही, म्हणजे ते बाद. त्यांचा मुलगा चिडला होता, इतकं महाग औषध आणि तेही चालत नाही म्हणून. मला वाटलं, न चालणारं औषध आधीच कळलं हे बरंच की.

मग दादाचं रक्त तपासलं. एमएसएच२ च्या जनुकात जन्मजात बदल, म्हणजे लिंच सिंड्रोम, घराण्यात उतरणारा कॅन्सरचा धोका. सख्ख्या भावंडांत तो असण्याची शक्यता निम्मी. मीही रक्त दिलं आणि पॉझिटिव्ह निघाले. दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. आता दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, शिवाय गर्भाशयावर लक्ष. कोलोनोस्कोपीपेक्षा आदल्या रात्रीचं ते जुलाबाचं पाणी जास्त छळतं, हे मात्र आधी कुणी सांगत नाही.

मामेभाऊ तपासणीला तयार नाही. "कशाला उगाच उकरून काढायचं, ताई?" त्याच्या पंचविशीतल्या लेकीनं माझ्याकडून रिपोर्टचा फोटो मागवून घेतलाय, आणि बापाला अजून सांगितलेलं नाही.