नेपल्सची आर्टेमिस: मुद्दाम जुन्या वळणाची

नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात शिरलं की गर्दी आधी फार्नेझे संग्रहातल्या अवाढव्य हर्क्युलिसकडे वळते. मला ओढ होती ती पाँपेईच्या आर्टेमिसची, म्हणजे ग्रीकांच्या शिकारीच्या देवीची, रोमनांच्या डायानाची.

माणसापेक्षा ठेंगणी संगमरवरी मूर्ती. एक पाऊल पुढे, छातीवरून आडवा गेलेला भात्याचा पट्टा, खांद्यांवरून पुढे सोडलेल्या बटा, ओठांवर बारीकसं स्मित. वस्त्राच्या चुण्या तर अशा काटेकोर, की कडेला करवतकाठी लुगड्यासारखे दाते पडलेत. हे सगळं इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातल्या ग्रीक मूर्तींचं वळण. मूर्ती मात्र रोमन काळातली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने पाँपेई शहर गाडलं, तेव्हा ही शैली मागे पडून पाच शतकं उलटून गेली होती.

पायांकडे नीट बघा. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवरच्या त्याच सहाव्या शतकातल्या कुमारिकांच्या मूर्तींचे दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले असतात. हिची मागची टाच उचललेली आहे. जुनं रूप घेतलं, पण चाल नंतरच्या काळाची. मला ती टाच फार आवडली.

१७६० मध्ये ती उत्खननात मिळाली. पुढे प्राचीन कलेचा जर्मन अभ्यासक व्हिंकेलमान याच्यासारख्या जाणकारानेही तिला एट्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधीच्या इटलीतल्या लोकांची ठरवलं. तिच्यावरचे रंग मात्र त्याने बारकाईने नोंदवले: सोनेरी केस, मुकुटपट्टीवर लाल फुलं. आज त्यांच्या पुसट खुणाच उरल्यात.

अशा मूर्तींना 'नुसती नक्कल' म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. पाँपेईत हव्या तशा नव्या धाटणीच्या मूर्ती घडत होत्या. तरी देवीसाठी कुणीतरी हे रूप निवडलं, कारण जुन्या वळणाचा देव अधिक जागृत वाटतो. खुद्द पहिला रोमन सम्राट ऑगस्टस यालाही ही ओढ होती. रोममधल्या पॅलाटाइन टेकडीवरच्या अपोलोच्या देवळावर त्याने बुपालोस आणि अथेनिस या सहाव्या शतकातल्या शिल्पकारांची कामं बसवली होती, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो.

इथवर आलात तर पाँपेईसोबतच गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियमच्या पपायरस व्हिला या वाड्यातली अथेना देवीही चुकवू नका. तीही याच जुन्या वळणाची, पण लढाईच्या पवित्र्यात. मेट्रोच्या लाइन १ वरचं 'म्युझेओ' स्टेशन अगदी जवळ आहे. मंगळवारी संग्रहालय बंद असतं.