काकूंच्या वहीतला ‘रन’

मंगळवार, रात्रीचे साडेदहा. कोथरूड.

खालच्या मजल्यावरच्या काकू आज संध्याकाळी वही घेऊनच वर आल्या. दोनशे पानी वही, प्रत्येक पानावर मधोमध पट्टीने आखलेली रेघ. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. ‘रन’समोर ‘धावणे’ लिहिलेलं आणि त्याच्याखाली लाल पेनाने मोठं प्रश्नचिन्ह.

“अगं, परवा नातू म्हणाला, ‘वी आर रनिंग लेट, आजी,’ आणि फोन ठेवला. सकाळी सकाळी कुठे पळत सुटलेत हे, दिवसभर मनातून जाईना बघ.”

नातू अमेरिकेत, त्याला आता सातवं लागलंय. त्याला मराठी कळतं, पण तो बोलतो इंग्रजीच. त्याच्याशी दोन वाक्यं धड बोलता यावीत म्हणून सत्तरीतल्या काकू रोज पाच शब्द पाठ करतात. अप्पा बळवंत चौकातून आणलेलं शब्दार्थांचं पुस्तक उशाशी असतं. अशी पुस्तकं मला मनापासून पटत नाहीत. एका शब्दासमोर एकच अर्थ छापून ती शिकणाऱ्याला अर्ध्या वाटेत सोडून देतात.

चहा टाकला आणि आम्ही ‘रन’ घेऊन बसलो. नळ वाहतो, नाक गळतं, साडीचा रंग जातो, दूध संपतं, दुकान चालवतात, रस्त्यात कुणाची तरी अचानक गाठ पडते; एवढ्या सगळ्याला इंग्रजीत ‘रन’ चालतो, कधी एकटा, कधी ‘आउट’ नाहीतर ‘इनटू’ सोबत घेऊन. “बस आणि मेट्रो तर आपल्याकडेही धावतातच की, पाय नसून,” काकू म्हणाल्या. निवडणुकीची गंमत त्यांना फार आवडली. अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’. म्हणजे ब्रिटनचा उमेदवार आपल्यासारखा निवडणुकीला उभाच राहतो.

मग मी सांगून बसले, की ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या संपादकांनी या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले आहेत. काकूंनी पेनाचं टोपण लावलं. “मग राहू दे गं. माझ्याच्यानं नाही व्हायचं.”

त्यांचा उतरलेला चेहरा बघवेना. म्हटलं, “काकू, ‘लागणे’ म्हणजे काय हो?”

“लागणे म्हणजे...” त्या थांबल्या, आणि मग सुटल्याच. भूक लागते. ठेच लागते. तिन्हीसांजेला दिवे लागतात. दुपारी जरा डोळा लागतो. घाटात गाडी लागते. दूध खाली लागतं. निकाल लागतो, नोकरी लागते, वाट लागते. बोटं मोडत मोडत दोन्ही हात संपले. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आणि नात्यानं तू माझी कुणीच लागत नाहीस, तरी लळा लागलाच ना?”

यातलं काहीच त्यांनी कधी पाठ केलेलं नाही. दूध लागलं ते जळका वास आला म्हणून कळलं, गाडी लागली ती पोटात ढवळलं म्हणून. मग आम्ही वहीत नवं पान काढलं, मधली रेघ न आखता. पहिलं वाक्य नातवाचंच: ‘वी आर रनिंग लेट’, आम्हाला उशीर होतोय.

त्या गेल्यावर मी कोश काढून बसले. ‘रन’चं जुन्या इंग्रजीतलं रूप ‘रिनन’. धावणे आणि वाहणे, दोन्ही अर्थ त्यात होते. जर्मनमधलं ‘रिनेन’ आजही वाहण्यासाठी वापरतात. म्हणजे नाकाचं ‘रनिंग’ काही मागून चिकटलेलं नाही. मग सहज मोनिअर विल्यम्सच्या संस्कृत कोशात ‘धाव्’ पाहिला. तिथेही तेच: धावणे, आणि वाहणे. वाचताना अंगावर काटा आला. ज्या ‘धावणे’समोर काकूंनी प्रश्नचिन्ह काढलं, त्याच्या मुळाशीही पाणी वाहत होतंच.

सकाळी दूध घ्यायला खाली जाईन तेव्हा आधी त्यांची बेल वाजवणार आहे. त्या जुन्या ओळीवर काट मारू नका, म्हणावं.