तव्यातून खाल्लं की

हिरोशिमात ओकोनोमिमुरा नावाची एक इमारत आहे. तिच्यात मजल्यामजल्यावर छोटी छोटी दुकानं, आणि सगळ्यांत पदार्थ एकच, ओकोनोमियाकी. भर दुपारी त्यातल्या एका दुकानात शिरले. दुकान म्हणजे एक लांबलचक लोखंडी तवा. पलीकडे मावशी, अलीकडे आपण, स्टुलावर.

मावशींनी पिठाचं पातळ वर्तुळ घातलं, त्यावर सुक्या माशाची पूड भुरभुरली आणि मग कोबी. किती कोबी! आपल्याकडे तेवढ्यात चौघांची भाजी झाली असती. वर लांब मोड, तळलेल्या पिठाचा चुरा, डुकराच्या मांसाच्या चकत्या. दोन उलथनी खाली सरकवून अख्खा डोंगर उलटा केला. तो वाफेवर बसेपर्यंत शेजारी नूडल्स परतून झाल्या, डोंगर त्यांच्यावर चढला, शेवटी फोडून पसरलेल्या अंड्यावर सगळं ठेवून पुन्हा एकदा उलटलं आणि वरून काळपट, गोडसर सॉस फासला. ओसाकावाले म्हणे हे सगळं आधीच पिठात कालवून टाकतात. त्यांचं त्यांना लखलाभ.

मग ते प्रकरण तव्यावरच माझ्यासमोर सरकलं आणि हातात एक छोटं उलथनं आलं. याने तोडायचं, यानेच खायचं. ताटली मागितली तर मिळते. पण मी कशाला मागू?

आजीच्या बिडाच्या तव्यावरच्या घावनाची जाळीदार कड परस्पर उचलायची, ही माझी लहानपणची एकमेव महत्त्वाकांक्षा. दर वेळी आजीचं उलथनं आधी पोचायचं, तेही मनगटावर. 'तव्यातून खाल्लंस तर लग्नात पाऊस पडेल!' माझ्या लग्नात थेंब पडला नाही. मामेभावाच्या लग्नात मात्र ऐन मे महिन्यात वळीव कोसळला, मांडव बसला, आणि आजीने व्याह्यांसमोर त्याचा कढया चाटण्याचा सगळा इतिहास काढला.

या हिशेबाने हिरोशिमात एकही लग्न कोरडं लागायला नको. हे मावशींना सांगावंसं फार वाटलं. वाक्याची जुळवाजुळवही सुरू केली होती, आणि पावसापाशी थांबले. ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडल्यावर या गावात काळा पाऊस पडला होता. भाजलेली, तहानेने कासावीस झालेली माणसं तो प्यायली. नंतर अन्नाचा दुष्काळ, मग अमेरिकेतून आलेलं गव्हाचं पीठ. जळून गेलेल्या गावात लोक ते पीठ घेऊन तव्याशी बसले. माझ्यासमोरचा हा ढीग तिथून वाढत आलेला.

मावशींनी हनुवटीने माझ्या पुढ्यात खूण केली. खालून करपायला लागलं होतं. करपलेलंही चांगलं लागत होतं, आता काय सांगू.