पुल्तुस्कचा चिखल आणि एकट्याचा डाव

एकट्याने युद्धखेळ, म्हणजे टेबलावर छोटे शिपाई मांडून फासे-पत्त्यांनी जुनी लढाई खेळायचा डाव, मांडायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, समोर कोण बसणार? खरी अडचण ती नाहीच. दोन्ही बाजूंचे बेत एकाच डोक्यात शिजतात, ही अडचण आहे. रशियन राखीव फौज टेकाडामागे दडवली तरी फ्रेंच मार्शलला ती ठाऊक असते, कारण दडवणारा तोच. शिवाय दोन्ही फौजा आपणच रंगवलेल्या असल्या तरी मन एकीकडे झुकतंच. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. या नाताळच्या सुट्टीतल्या डावात माझी निम्मी मेहनत स्वतःपासून गोष्टी लपवण्यात गेली.

लढाई निवडताना मुहूर्तही साधला. २६ डिसेंबर १८०६, नारेव्ह नदीकाठचं पुल्तुस्क, वॉर्साच्या उत्तरेला. (रशियाच्या जुन्या दिनदर्शिकेत हा दिवस १४ डिसेंबर, त्या शतकात फरक १२ दिवसांचा.) एका बाजूला नेपोलियनच्या मार्शल लानचं पाचवं कोअर (अनेक डिव्हिजनचा मोठा सैन्यगट), सुमारे २० हजार. समोर बेनिगसेनची रशियन फौज, ४० हजारांच्या आसपास. रशियन बहुतांशी जागेवर उभे राहून लढले, त्यामुळे त्यांची बाजू पत्त्यांवर आणि फाशांवर सोपवता येते. समोर नेमकं किती सैन्य आहे याचा लानला नीट अंदाज नव्हता, म्हणजे लपवाछपवी इतिहासाला धरूनच. आणि थंडी मोडून जमीन विरघळल्याने सगळीकडे ढोपरभर चिखल होता, म्हणजे कोणालाच झटपट काही करता येत नाही. एकट्या खेळाडूला याहून चांगली लढाई शोधून सापडायची नाही. नेपोलियनची गाजलेली ऑस्टरलिट्झची लढाई मोहात पाडते, पण तिथे सगळा खेळ एका युक्तीवर उभा आहे आणि ती युक्ती आपल्याला आधीच माहीत असते.

माप ठरवताना उलटीकडून सुरुवात केली. माझे ६ मिलिमीटरचे शिपाई ६ सेंटिमीटर रुंदीच्या बेसवर, म्हणजे चिकटवायच्या पट्टीवर आहेत. तीन रांगांत उभी असलेली ६०० जणांची पलटण साधारण १३० ते १५० मीटर जागा घेते, म्हणजे दोन पलटणींची रेजिमेंट जवळपास ३०० मीटर. एक बेस म्हणजे एक रेजिमेंट धरली की १ सेंटिमीटर म्हणजे ५० मीटर हे माप आपोआप मिळतं. १२० बाय ९० सेंटिमीटरच्या टेबलावर ६ बाय साडेचार किलोमीटरचं मैदान बसतं, तेवढं पुरतं. फ्रेंचांकडे पायदळाचे ११ बेस, घोडदळाचे ३, तोफखान्याचे २. रशियनांकडे २०, ५ आणि ६. तोफांमधला हा फरक मुद्दाम ठेवला आहे, कारण फ्रेंचांच्या बऱ्याच तोफा चिखलामुळे मागेच अडकल्या होत्या.

रंगकामाबद्दल एकच सांगतो: सुट्टी लागल्यावर ब्रश हातात घेऊ नका, नाहीतर लढाई पुढच्या सुट्टीवर जाते. या मोहिमेसाठी दोन्हीकडचे शिपाई ओव्हरकोटात चालतात. तपकिरी प्रायमर (पहिला हात), त्यावर राखाडी आणि खाकीच्या दोन-तीन छटा, मग गडद वॉश (पातळ रंग). फ्रेंच लाइन (नेहमीच्या) पायदळाला शाको ही उंच टोपी १८०६ मध्येच मंजूर झाली, त्यामुळे जुन्या दुटोकी टोप्यांचे शिपाई शिल्लक असतील तर ते इथे बिनधास्त खपतात.

आता लपवाछपवी. रशियन बेसचे १२ गट केले, प्रत्येकात दोन किंवा तीन बेस. पुठ्ठ्याचे एकसारखे २० तुकडे कापले. १२ तुकड्यांच्या पाठीवर गटाचा क्रमांक, ८ कोरे. पालथे घालून पिसले आणि रशियन आघाडीवरच्या २० ठरलेल्या जागांवर तसेच मांडले. फ्रेंच बेस १० सेंटिमीटरच्या आत आला किंवा त्या जागेवरून तोफ डागायची वेळ आली की तुकडा उलटायचा. दोन अपवाद ठेवले: उजव्या टोकाच्या रानात बार्क्ले द टोलीचे जेगर (हलकं पायदळ) आणि डाव्या टोकाला, शहरासमोर, बॅगोवुटची तुकडी. या दोघांच्या जागा पक्क्या, नाहीतर लढाईला पुल्तुस्क म्हणण्यात अर्थ नाही.

पहिल्या मांडणीत माझे कोरे तुकडे १२ होते. तेव्हा फ्रेंच कुठेही घुसले तरी निम्म्या वेळा समोर कोणीच निघेना आणि दुसऱ्याच चालीला मध्यभाग फुटला. ते मोडून ८ वर आलो. पाचात दोन कोरे, एवढं प्रमाण संशय टिकवायला पुरेसं आहे.

बेनिगसेनचा बेतही असाच. तीन पत्त्यांवर तीन बेत लिहिले: शेवटपर्यंत जागा धरायची, उजवीकडून उलट हल्ला करायचा, किंवा संध्याकाळ होताच नदीपलीकडे सरकायला लागायचं. पिसून एक पत्ता न बघता कपाखाली ठेवला, उरलेले दोन पाकिटात. तो कधी उघडायचा यात मात्र चूक झाली. फ्रेंच मुख्य फळीला भिडल्यावर उघडायचा असं ठरवलं होतं. ते सहाव्या चालीला घडलं आणि निघाला उलट हल्ला. पण तोवर रशियन राखीव घोडदळ भलतीकडे उभं होतं, चिखलातून तिथवर पोचायला चार चाली. कपाखालचा पत्ता तिसऱ्या चालीच्या सुरुवातीला किंवा पहिल्या भिडंतीला, जे आधी होईल तेव्हा, उघडावा. त्याआधी रशियनांनी जे करायचं ते तिन्ही बेतांना चालेल असंच असावं: उभं राहायचं, तोफा डागायच्या, बस.

कोण आधी हलणार हे पत्त्यांच्या गड्डीवर. लानचे डिव्हिजन सेनापती सुशे आणि गाझां, आणि फ्रेंच घोडदळ असे तीन पत्ते. रशियनांचे पाच, म्हणजे बार्क्ले, बॅगोवुट, पहिली फळी, दुसरी फळी, घोडदळ. यात ‘चाल संपली’ असा पत्ता घालायचा. एकच घातला तर सरासरी निम्मेच सेनापती हलतात, कारण प्रत्येकाचा पत्ता त्याच्या आधी किंवा नंतर निघण्याची शक्यता समान. दोन घातले आणि दुसरा निघाल्यावर चाल संपवली तर सरासरी दोन-तृतीयांश हलतात. मी दोन ठेवतो. तरी एखादा सेनापती सलग तीन चाली अडकण्याची शक्यता २७ मध्ये १ उरते. एका पत्त्याच्या पद्धतीत तीच ८ मध्ये १ आहे. गाझां असा दोनदा लटकल्यावर नियम जोडला: ज्याची पाळी हुकली त्याच्या पत्त्यावर मणी ठेवायचा आणि पुढच्या चालीत गड्डी उलटण्याआधी त्याला हलवायचं.

एक चाल म्हणजे अर्धा तास. सकाळी ११ पासून संध्याकाळी ७ पर्यंत १६ चाली. कोरड्या जमिनीवर पायदळाला २० सेंटिमीटर दिले असते, इथे १०, रस्त्यावरून १५. तोफा शेतातून ५ सेंटिमीटर आणि हलवण्याआधी फासा टाकायचा. १ पडला की चाकं रुतली. मग दर चालीला ५ किंवा ६ पडेपर्यंत तिथेच. म्हणजे सरासरी तीन चाली, दीड तास. दोन फ्रेंच तोफखान्यांपैकी एक दुसऱ्याच चालीला रुतला आणि सातव्या चालीला सुटला. सुशेचा पहिला हल्ला तोफांविना गेला आणि व्हायचं तेच झालं.

चिखलाचा आणखी एक परिणाम बरेच जण विसरतात. भरीव गोळा घट्ट जमिनीवर टप्पे खात पुढे जातो आणि मागच्या रांगाही झोडपतो. चिखलात तो पहिल्याच टप्प्याला रुततो. म्हणून तोफांचा परिणामकारक पल्ला १६ वरून १२ सेंटिमीटर केला आणि मागच्या बेसला इजा होण्याचा नियम काढून टाकला. रशियनांच्या सहा तोफखान्यांपुढे फ्रेंच टिकले ते यामुळेच. हिमवादळाचाही एक पत्ता गड्डीत असतो. तो निघाला की त्या चालीपुरतं १० सेंटिमीटरपलीकडे कोणालाच दिसत नाही, तोफा गप्प.

प्रत्यक्ष मारामारीचे नियम तुमच्याकडे असतील ते चालतील. हुकुमांवर मात्र कडक राहा. प्रत्येक डिव्हिजनचा हुकूम एका ओळीत लिहायचा, आणि बदलायचा असेल तर सेनापतीपासून स्वार धाडायचा, चालीला २० सेंटिमीटर. चौथ्या चालीला मला शहरासमोरची फट दिसली आणि हात घोडदळाकडे गेला. हुकूम पोचायला दोन चाली लागणार होत्या. तोवर बॅगोवुटने फट बुजवली. बाब्याला आवर घालायला याहून चांगला उपाय मला मिळालेला नाही.

जिथे पत्ते काही सांगत नाहीत आणि दोन्ही मार्ग पटतात, तिथे फासा टाका, पण आधी लिहा. ‘१ ते ४: बार्क्ले रान धरून राहील. ५-६: मागे सरकेल.’ कागदावर उतरवल्याशिवाय फासा उचलायचा नाही. नुसतं मनात ठरवलं तर ५ पडल्यावर मन म्हणतं, छे, खरं तर मी ६ च धरला होता. आणि प्रत्येक गोष्टीला फासा टाकू नका. दिवसातून चार-पाच वेळा पुरे. त्याहून जास्त झालं की सेनापती वेडा वाटायला लागतो.

उशिरा येणारी कुमक हा या लढाईचा गाभा. मार्शल दाव्हूच्या तिसऱ्या कोअरमधली, एरवी जनरल ग्युदांच्या हाताखालची डिव्हिजन त्या दिवशी दोल्तानच्या हाताखाली दुपारी दोनच्या सुमारास फ्रेंच डाव्या बगलेला पोचली आणि लानची लाज राखली. तिच्या १२, २१, २५ आणि ८५ या लाइन रेजिमेंटांचे चार बेस बाजूला ठेवले. पाचव्या चालीला ६ वर, सहाव्याला ५-६ वर, सातव्याला ४ ते ६ वर, असं दर चालीला सोपं होत जाणारं आगमन. सातव्या चालीपर्यंत, म्हणजे बरोबर दोन वाजेपर्यंत, येण्याची शक्यता ७२ टक्के निघते. माझ्याकडे ती आठव्याला आली आणि बार्क्लेचे जेगर तेव्हा रानातून बाहेर पडून गाझांच्या बगलेला लागले होते. रान तीनदा हातबदल झालं. अख्ख्या डावातला सगळ्यात जिवंत भाग हाच.

डाव पाच बैठकांत संपला. पहिल्या चालीला ४० मिनिटं लागली, नंतर २० च्या आसपास. बैठक नेहमी चाल पूर्ण करूनच सोडावी. तेव्हा गड्डी नव्याने पिसायची असते, त्यामुळे पत्त्यांचा क्रम लक्षात ठेवावा लागत नाही. नुकसान मोजायला बेसशेजारी छोटे फासे ठेवू नका, ते धक्क्याने उलटतात आणि दुसऱ्या दिवशी कोण किती थकलं याचा पत्ता लागत नाही. एका कागदावर रेजिमेंटवार रेघा मारा. चारही कोपऱ्यांतून आणि एक वरून असे पाच फोटो काढा. बेसखाली चुंबकी पट्टी आणि हिरव्या कापडाखाली पातळ पत्रा असेल तर अर्धी काळजी मिटते. पालथे पुठ्ठ्याचे तुकडे मात्र पंख्याच्या वाऱ्यानेही उडतात, त्यांच्यावर नाणं ठेवा.

सोळाव्या चालीला शहर रशियनांकडेच होतं आणि फ्रेंचांचे १५ पैकी ६ पायदळी बेस मोडले होते. प्रत्यक्षात बेनिगसेन जिंकल्याचं सांगत त्याच रात्री माघारी गेला आणि मैदान फ्रेंचांना मिळालं. म्हणून शेवटी एक फासा रशियनांसाठी ठेवला होता: ३ किंवा जास्त पडला तर ते रात्रीतून निघून जातात. पडला २. पाकिटातले दोन बेत त्यानंतरच उघडून पाहिले, आणि तिन्ही पत्ते परत पिसून ठेवले, कारण दुसऱ्या फेरीत बेनिगसेन माझ्याकडे असेल आणि लानसाठी वेगळे तीन बेत लिहावे लागतील. हल्ला करणारी बाजू पत्त्यांवर सोडली की ती एकाच ठिकाणी गर्दी करते, तेव्हा त्या तिन्ही बेतांत प्रत्येक डिव्हिजनची दिशा आधीच वेगळी लिहून ठेवणार आहे.