सतरा फेब्रुवारीचं हिरवं काहीतरी

२९ डिसेंबर, सोमवार, रात्री

आज संध्याकाळचा सगळा वेळ एका हिरव्या ठिपक्यावर गेला. ठिपकासुद्धा नाही खरं तर. दोन पाकळ्या, खाली एक बारीक रेघ, आणि बाजूला गाठीचा टाका. सतरा फेब्रुवारी. यंदा वर्षभर भरतकामाच्या एकाच रिंगवर रोज एक छोटं चित्र भरतेय. आता मोजून तीन जागा उरल्यात म्हणून कौतुकानं जानेवारीपासून एकेक दिवस वाचत निघाले होते, आणि इथे येऊन अडकले. हे काय आहे? पान? पोपट? कोणाची छत्री?

लेकीला दाखवलं. ती म्हणाली, "आई, उलटं धरून बघ." तेही खरंच. गोल कापडावर काम करताना रिंग फिरवत राहायची सवय लागते, त्यामुळे कुठल्या दिवसाचं डोकं कुठे आणि पाय कुठे याचा काही नेम नाही. उलटं धरलं तर ते मला ससा वाटायला लागलं. हिरवा ससा! आडवं धरल्यावर लेक म्हणाली, कात्री. नवऱ्यानं चष्मा वर करून पाहिलं, "गणिताचं चिन्ह आहे का?" म्हणाला आणि परत आपल्या कामाला लागला.

गंमत म्हणजे सोळा फेब्रुवारी आणि अठरा फेब्रुवारी लख्ख आठवतायत. सोळाला बेसिनचा नळ गळत होता, त्याचे तीन निळे थेंब आहेत. अठराला चष्म्याचा नंबर वाढला. मधला दिवस मात्र पार पुसून गेलाय. राहिलाय फक्त त्याचा टाका.

हे होणार हे मला जानेवारीत कळायला हवं होतं. तेव्हा एक वही केली होती, रोजच्या चित्रासमोर एक ओळ लिहायची म्हणून. नऊ दिवस लिहिली. मग वाटलं, लिहायचंच असेल तर भरायचं कशाला? टाक्यानं बोलावं, वहीनं कशाला मध्ये यावं? फार शहाणी होते मी जानेवारीत.

तेव्हाचा दुसरा शहाणपणा म्हणजे हिशेब न करणं. पंचवीस सेंटिमीटर व्यासाची रिंग हातात घेतल्यावर केवढी मोठी वाटते! पेनानं घड्याळासारखे बारा भाग पाडले आणि बसले. नंतर कधीतरी गणित केलं. क्षेत्रफळ साधारण ४९१ चौरस सेंटिमीटर, भागिले ३६५. एका दिवसाच्या वाट्याला जेमतेम १.३. करंगळीच्या नखाएवढी जागा. त्यातही मधल्या टोकाशी तर काही मावतच नाही. तिथे प्रत्येक महिन्याचे पहिले दोन-तीन दिवस नुसते गाठींवर भागवावे लागले. त्यामुळे माझ्या रिंगवर बाराही महिन्यांची एक तारीख सारखीच दिसते, जणू दर महिन्याच्या एक तारखेला माझ्याकडे फक्त एक वाटाणा येऊन जातो.

एवढ्या जागेत दोन पदरांच्या वर काही चालत नाही. लडीचा दोरा सहा पदरी असतो. त्यातला एकेक पदर वेगळा ओढून काढायचा आणि मग दोन एकत्र करायचे. दोन पदर एकदम ओढले की उरलेल्या चारांचा जो गुंता होतो तो सोडवायला दिवसाच्या टाक्यापेक्षा जास्त वेळ जातो. मांजराच्या मिशा, चष्म्याची काडी, पावसाची रेघ हे सगळं एकाच पदराचं काम, दहा नंबरच्या सुईनं. सुयांचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होत जाते, हे नव्या माणसाला उलटंच वाटतं. मलाही वाटलं होतं. पहिल्यांदा मी 'बारीक द्या' म्हणून तीन नंबरची घेऊन आले होते.

मार्चमधली फजिती तर रिंगवर कायमचीच आहे. भाग पाडायला वापरलेलं निळं पेन पाण्यानं जाणारं होतं. गार पाण्याचं बोट फिरवलं की रेघ गायब. पण मला कापडाची सुरकुती सहन होईना. रिंग सैल केली, कापड काढलं आणि रेघा न पुसताच त्यावर इस्त्री फिरवली. उष्णता लागली की ती शाई पक्की होते. बाराच्या बारा रेघा बसल्या जागच्या जागी! मग त्यांच्यावर राखाडी दोऱ्याची उलटी टीप घालत चार रात्री काढल्या. आता बघणारे म्हणतात, किती छान विभागलंय. मी 'हो ना' म्हणते.

मागच्या बाजूला मी सुरुवातीपासून कडक आहे. एका दिवसाचा दोरा दुसऱ्या दिवसात न्यायचा नाही. यात तत्त्व वगैरे काही नाही. पांढऱ्या कापडाखालून गडद दोरा ओढत नेला की तो समोरून सावलीसारखा दिसतो, एवढंच. पण त्यामुळे रोज सुई नव्यानं ओवावी लागते, आणि रोज रात्री साडेदहाला दिव्याखाली एक डोळा मिटून दोऱ्याच्या टोकाला थुंकी लावणारी ही बाई कोण, असा मलाच प्रश्न पडतो.

खरी अडचण वेगळीच आहे. ज्याला आकार आहे तेच भरता येतं. किल्ली हरवली, किल्ली भरा. पाऊस आला, छत्री भरा. मोठ्या बहिणीशी फोनवर कडाडून भांडण झालं, त्याचं काय भरणार? फोन? म्हणजे फोन घेतला असं वाटेल. ते मे महिन्यात झालं. चार दिवस आम्ही बोललो नाही.

तेव्हा मला तो इंग्रज मेजर आठवला, अॅलेक्सिस कॅसडॅग्ली. १९४१ साली जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत बसून त्यानं भरतकामाचा एक तुकडा केला होता. मध्ये सगळं सभ्य, आणि भोवतीच्या किनारीत ठिपके आणि रेघा. तो मोर्स कोड होता, म्हणजे ठिपक्या-रेघांनी अक्षरं लिहायची तारेची लिपी. त्यात एकीकडे राजाला आयुष्य चिंतलं होतं आणि दुसरीकडे हिटलरला सणसणीत शिवी हासडली होती. जर्मनांना ते वाचताच आलं नाही. त्यांनी तो तुकडा चार छावण्यांमध्ये कौतुकानं मांडला.

मग मीही ते चार दिवस मोर्समध्ये भरले. ठिपक्याला गाठीचा टाका, रेघेला एक सरळ टाका. एवढ्या जागेत दिवसाला एकच शब्द बसतो, त्यामुळे निवडून घ्यावा लागतो. गाठीचा टाका अशा वेळी फार समाधान देतो. सुईला दोन वेढे, डाव्या हातानं दोरा ताणून धरायचा, आणि सुई आली त्याच भोकात न घालता एक धागा सोडून खाली ओढायची. त्याच भोकात घातली तर गाठ सरळ मागे निघून जाते. राग आलेला असताना हात थरथरतो, आणि त्या चार दिवसांतल्या निम्म्या गाठी मागे निघून गेल्या. परत घातल्या. तोपर्यंत राग अर्धा झाला होता. पूर्ण गेला नव्हता, उगाच खोटं कशाला लिहू!

ऑगस्टमध्ये बहीण राहायला आली. रिंग हातात घेऊन बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "बाकी सगळी चित्रं ठीक आहेत गं, पण ही मे मधली नक्षी सगळ्यात सुरेख आलीय. माझ्या उशीच्या अभ्र्यावर काढून दे." मी हो म्हटलं. अजून काढून दिलेली नाही. देणारही आहे, पण कुठला शब्द काढायचा ते ठरत नाहीये.

सप्टेंबरबद्दल जास्त लिहीत नाही. बाबा दवाखान्यात होते, अकरा दिवस. तिथे सुईदोरा नेला नव्हता. घरी आल्यावर त्या अकरा जागांमध्ये एकेक राखाडी धावदोरा घातला, सगळे एका रात्रीत, एकाच दोऱ्यानं. मागून तो दोरा दिवसातून दिवसात गेलेला आहे. तेवढा एकदाच. बाबा आता बरे आहेत. ते अकरा टाके बघून म्हणाले, "इथे काय राहून गेलंय का?"

शब्दच भरायचे, चित्र नाहीच, असंही करता येतं. १८३० च्या सुमारास एलिझाबेथ पार्कर नावाच्या मुलीनं केलं होतं तसं. लिनन, लाल रेशीम, आणि बारीक फुलीच्या टाक्यात सलग मजकूर. सुरुवातीलाच ती सांगते की मला लिहिता येत नाही म्हणून हे असं मांडते आहे. मालकाकडचे हाल, जीव द्यावासा वाटणं, सगळं एकेक फुली घालत. आणि शेवटी माझ्या आत्म्याचं काय होणार, असं म्हणता म्हणता वाक्य तिथेच तुटतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे तो तुकडा. पण त्या बाईचं कसं, एकही शब्द ओळखायला उलटा धरावा लागत नाही. जवळपास दोनशे वर्षं झाली तरी वाचता येतं. आणि मी, साधा दहा महिन्यांपूर्वीचा माझाच दिवस!

फेब्रुवारीतले मोबाइलमधले फोटो काढून बघितले. सतराला एकही फोटो नाही. बँकेचे मेसेज बघितले. काही नाही. कोणाला फोन केला होता का, तेही आता दिसत नाही. दोरा मात्र मी नीट निवडलेला दिसतोय. हिरव्याच्या दोन छटा, पाकळ्यांना फिका आणि रेघेला गडद. म्हणजे त्या रात्री मी दोन वेळा सुई ओवली. कशासाठी तरी ओवली असणार ना!

अकरा वाजून गेले. आजच्या जागेचं काही ठरत नव्हतं. दिवसभरात दुसरं काही घडलंही नाही. शेवटी हिरव्याच्या त्याच दोन लड्या शोधल्या. फिकी सापडली, गडद संपली होती, तिच्या जवळची घेतली. दोन लेझी डेझी, म्हणजे पाकळीचे टाके, खाली देठाच्या टाक्याची रेघ, बाजूला गाठ. अगदी तसंच जमलं. फक्त गाठ थोडी मोठी झाली.

मग जानेवारीतली ती वही काढली. नऊ जानेवारीच्या ओळीखाली लिहिलं: २९ डिसेंबर. १७ फेब्रुवारीला काय झालं होतं ते शोधत बसले. सापडलं नाही.