मोटरहोमच्या छतावर चढायची शिडी घेताना एका साध्या उत्तरासाठी किती थांबावं लागलं – माझा अनुभव

शिडी घेणं हा अर्ध्या तासाचा विषय होता खरं तर, पण डीलरच्या सर्व्हिस काउंटरने तो इतका लांबवला की अजून आठवलं तरी डोकं तापतं. म्हणून सगळं लिहून ठेवतेय, कुणाला तरी उपयोग होईल.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) २५ फुटी, क्लास सी म्हणजे ड्रायव्हरच्या केबिनवर पुढे आलेला भाग असलेलं, फोर्डच्या चॅसीवालं. मागे कंपनीची शिडी बसवलेली नाहीये. आणि वॉरंटीच्या कागदात मात्र स्पष्ट लिहिलंय की छतावरचं सीलंट, म्हणजे व्हेंट (हवेची झडप), स्कायलाइट, एसी यांच्या कडेने फटी बुजवायला लावलेला लेप असतो तो, मालकाने वेळोवेळी तपासायचं आणि भेगा दिसल्या तर लगेच बुजवायच्या. दुर्लक्ष झालं आणि पाणी मुरलं तर दुरुस्ती आपल्या खिशातून. बरं, तपासू की, पण वर चढून चालता येतं का त्या छतावर? माझा प्रश्न एवढाच होता.

आणि याच उत्तरावर शिडी ठरणार होती हो! छतावर माणूस चालत असेल तर टेकवायची शिडी हवी, छताच्या वर निघणारी. चालत नसेल तर स्वतःच्या पायावर उभी राहणारी, वर उभं राहायला फळी असलेली शिडी हवी आणि गाडीच्या चारही बाजूंनी ती फिरवत हात पोचेल तेवढंच बघायचं. दोन्ही शिड्या पूर्ण वेगळ्या, किंमत वेगळी, ठेवायची जागा वेगळी.

डीलरला फोन केला तर म्हणे कंपनीला विचारा. कंपनीला फोन केला, बराच वेळ होल्डवर ठेवलं, मग म्हणे तुमच्या डीलरला विचारा. परत डीलर, तर तो म्हणतो मॅन्युअल बघा. मॅन्युअल मी आधीच बघितलं होतं, ते एकच पुस्तक त्यांच्या सगळ्या मॉडेल्सना, "तुमच्या गाडीला लागू असल्यास" असं जागोजागी. काउंटरवर प्रत्यक्ष गेले तर तिथला माणूस म्हणाला आमची पोरं रोज चढतात, काही होत नाही. मी म्हटलं हेच लिहून द्या. तर म्हणे लिहून नाही देता येत. म्हणजे सीलंट तपासलं नाही तर वॉरंटी गेली, चढलो आणि छत दबलं तरी वॉरंटी गेली, आणि मधे उत्तर द्यायला कुणी नाही! नवरा म्हणत होता की जाऊदे ना, चढूया. मी अजिबात ऐकलं नाही, आणि ते बरंच केलं. लोक सांगतात मागे कंपनीची शिडी असेल तर छत चालण्याजोगं, नसेल तर नाही, पण तो अंदाज झाला, आपल्या गाडीचं उत्तर नव्हे.

शेवटी काम झालं ते कंपनीला केलेल्या ईमेलने. व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, लिहिला (ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो), त्या स्टिकरचा फोटो जोडला आणि प्रश्न असा विचारला की टोलवता येऊ नये: या गाडीच्या छतावर एका वेळी किती पौंड वजन चालेल? मधे बरेच दिवस गेले, दोनदा आठवण करावी लागली, आणि मग दोन ओळींचं उत्तर. एक माणूस चालेल, वजन पसरून, कडेपासून आणि व्हेंटपासून लांब. दोन ओळी! पण लेखी आहेत, प्रिंट काढून गाडीच्या फाइलमध्ये लावल्यात. तुम्हीही फोनवर वेळ घालवू नका, पहिल्या दिवशीच ईमेल टाका.

मग शिडी पटकन झाली. आमच्या छताची कड जमिनीपासून साधारण १० फूट, शिडी त्याच्या वर ३ फूट निघायला हवी, म्हणजे उतरताना धरायला काहीतरी राहतं. थोडी तिरकी लागते म्हणून लांबी साडेतेरा फुटांच्या वर हवी. साडेबारा फुटांची टेलिस्कोपिक (एकात एक सरकून मिटणारी) स्वस्त होती, ती सोडली आणि साडेपंधराची घेतली, मिटवली की स्टोरेजच्या कप्प्यात जाते. वजनाचा ग्रेड बघा, टाइप १ म्हणजे २५० पौंड, १ए म्हणजे ३००, आणि यात आपलं, कपड्यांचं, हातातल्या सामानाचं सगळं वजन आलं. आम्ही १ए घेतली.

लावताना पाया भिंतीपासून अडीच फूट, म्हणजे उंचीच्या चौथ्या हिश्शाएवढा. ऑनिंगच्या (बाजूला उघडणाऱ्या कापडी छपराच्या) दांड्याला किंवा पन्हाळीला टेकवू नका, वाकतात. हँडब्रेक आणि चाकांना चॉक (अडवायचे ठोकळे) लावूनच चढा, कारण गाडी सरकली की शिडी तिच्याबरोबर सरकते. खाली एक जण धरून उभा हवाच, आमच्याकडे तो नवरा. टेलिस्कोपिकची प्रत्येक पायरी लॉक झाल्याचा क्लिक ऐकू आला पाहिजे, नाही आला तर चढायचं नाही. मिटवताना बोटं दोन पायऱ्यांच्या मधे नकोत.

हां, हे राहिलंच, आपली शिडी अ‍ॅल्युमिनियमची आहे, तेव्हा वर विजेच्या तारा असतील तिथे ती उघडायचीच नाही. कॅम्पग्राउंडवर आधी मान वर करून बघा. अशा ठिकाणी फायबरग्लासची बरी, पण ती जड असते.

वर गेल्यावर मी उभी राहत नाही, प्लायवुडचा तुकडा टाकून गुडघ्यांवर सरकते. दव पडलेलं असेल तर रबरी छत फार निसरडं होतं, ऊन येईपर्यंत थांबा. सीलंटची ट्यूब आणि कापड खांद्याच्या पिशवीत, म्हणजे चढताना दोन्ही हात मोकळे. पहिल्याच फेरीत स्कायलाइटच्या कोपऱ्यात केसाएवढी भेग सापडली, फोटो काढला, स्वच्छ पुसून बुजवली. आता प्रत्येक वेळी तारखेसकट फोटो काढते आणि त्याच ईमेलला उत्तर म्हणून कंपनीला पाठवून देते.